कप संपेपर्यंत

गुरुवारी सकाळी मी चहा कपाबाहेर ओतला. फार नाही, बोटभर अंतर चुकलं. पण चहा टेबलावरून धावत सुटला आणि मुलाच्या कोपरापर्यंत गेला. तो "आई, आई, आई" करत उभा राहिला, जसा काही पूरच आलाय. मी किटली खाली ठेवली आणि शांतपणे म्हणाले, "टेबल कलतंय. कधीची सांगतेय, पायाखाली काहीतरी घाला." टेबल कलत नव्हतं. दुकानदाराचा घाम काढून मी ते निवडून आणलेलं, छत्तीस वर्षांत त्याची कलायची छाती झालेली नाही. पण या घरात मी म्हटलं कलतंय म्हणजे कलतंय. मुलगा गुडघ्यांवर बसला, पुठ्ठ्याची घडी करून एका पायाखाली सारली, आणि आता ते खरोखरच कललं. कपात जो काही घोट पडला होता तो एका कडेला जाऊन उभा राहिला. मुलगा दिवसभर लोकांच्या कवळ्या घडवतो, प्लास्टरच्या जबड्यातला केसभर फरक त्याच्या बोटांना कळतो, पण आईच्या शब्दावर सपाट टेबल वाकडं करताना त्याच्या बोटांना काही वाटलं नाही. सूनबाई मात्र टेबलाकडे बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती, तिच्या लॅपटॉपवरच्या ओळींकडे बघते तशी, एखादी ओळ जागा सोडून बसलीय का ते शोधत. मी तिला म्हटलं, "फडकं आण. की तेही मीच आणू?" ती फडकं घेऊन आली.

सोमवारी डोळ्यात विजा चमकल्या होत्या. खिडकी बंद, दिवा बंद, आणि डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात लख्ख, लख्ख, जसं कुणी आत बसून काड्या ओढतंय. मंगळवारी काजळीचे कण उडायला लागले. मी भिंत पुसली, चष्मा पुसला, शेवटी गप्प बसले. आणि बुधवारी सावली आली. खालून, डावीकडच्या कोपऱ्यातून, गच्चीच्या कठड्यावरून ओली चादर खाली लोंबावी तशी, फक्त उलटी, खालून वर. तिच्यात गेलेली वस्तू काळी होत नाही. ती नसतेच. कप होता आणि कपाची डावी कड नव्हती, इतकंच. उजवा डोळा माझा लहानपणापासून नावाला आहे, खुर्ची अडवून बसलेल्या नातेवाईकासारखा. सगळा कारभार डाव्याचा. खालच्या चष्मेवाल्याने तीन वर्षांपूर्वी सांगून ठेवलं होतं, "आजी, तुमचा नंबर फार मोठा आहे. कधी विजा दिसल्या, सावली चढायला लागली, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. दिवस गेला की डोळा गेला." मी म्हटलं होतं, "मला आजी म्हणू नकोस. चष्मा दे." म्हणजे मला माहीत नव्हतं असं नाही. मला सगळं माहीत होतं. तरी बुधवार गेला, गुरुवार उजाडला, आणि मी टेबलाला दोष देऊन मोकळी झाले.

का, ते मी स्वतःलाही नीट सांगू शकत नव्हते. आमच्या घरात सांगायची एक पद्धत आहे आणि ती मीच घातलेली आहे. संध्याकाळी सगळे आले की टेबलाशी बसायचं, माझ्यासमोर चहाचा कप, आणि कप संपेपर्यंत ज्याने त्याने आपापली खबर द्यायची. आधी कामाची, मग घराची, मग माणसांची. अंगाची सगळ्यात शेवटी. डोकं दुखतंय, पाय सुजलाय, झोप लागत नाही, हे शेवटी, कारण अंग आपलं आपण सावरतं, बॉयलर सावरत नाही. कप संपला की खबर संपली. राहिलं ते राहिलं. उद्याच्या कपात कालचं ओतायचं नाही. ही पद्धत आमच्या धुलाईच्या कारखान्यातली. हॉटेलांच्या चादरी, इस्पितळांचे कोट, दोन बॉयलर, वाफेचे मोठे रूळ आणि अकरा बायका. सकाळी सहाला अकरा तोंडं एकदम उघडायची आणि माझे कान दोनच. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईने कारखाना चालवायचा तर तिला काहीतरी चाळणी लागते. मी रांग लावली, नंबर दिले, हातात कप घेतला. पहिल्या आठवड्यात बायका चिडल्या, दुसऱ्या आठवड्यात त्या शिकल्या, की बॉयलर गळतोय हे आधी सांगायचं आणि कंबर गेलीय हे मनातच ठेवायचं. कारखाना तीस वर्षं चालला. एक दिवस बंद नाही. एक दिवस, म्हणजे एकच दिवस, बंद होता.

सूनबाई सहा वर्षांपूर्वी घरात आली तेव्हा पहिल्याच संध्याकाळी हा कप बघून हसली होती. मला राग आला. नवी सून हसते म्हणजे काय. ती म्हणाली, "आई, तुम्हाला नाही हसले. आम्ही ऑफिसात अठरा जण बसून जे करतो ते तुम्ही एका कपात बसवलंय." तिचं काम म्हणजे फोन आणि टॉवर एकमेकांशी काय बोलतात, किती बोलतात, कोणाआधी कोण, ते ठरवायचं. मी म्हटलं, "फोनवर माणसं बोलतात." ती म्हणाली, "माणसं गप्प असली तरी ते दोघं बोलतात." मग तिने साखरेचे चार खडे घेतले आणि बशीत मांडले. "हा तुमचा फोन. त्याच्याकडे टॉवरकडून यायच्या चार वाटा आहेत. वाट सारखी बदलते. बस आडवी आली, तुम्ही वळलात, भिंत आली, की बदलली. म्हणून फोन सारखा कळवत राहतो, एक नंबरची वाट मोकळी, दोनवर गर्दी, तीन बरी. ते ऐकून टॉवर ठरवतो कुठून किती पाठवायचं. पण कळवायला जागा एवढीशी." तिने चमचा पुढे केला. चमच्यात दोन खडे मावले. "मग?" मी विचारलं. "मग नंबर. लहान नंबर आधी. जागा संपली की मागचे गळतात." "नंतर पाठवायचे." "नाही आई, गळलं ते गळलं. नंतरपर्यंत वाट बदललेली असते. शिळी खबर काय कामाची?" मी टेबलावर हात आपटला. "बघ! हेच मी जन्मभर सांगतेय!" मुलगा हसला, मी हसले, आणि मग ती तिच्या त्या मऊ आवाजात म्हणाली, "पण आई, ज्याची खबर आलीच नाही, त्याचं टॉवर काय करतो माहितीय? आधीची जी शेवटची आली होती ती खरी धरून चालतो. वाट कधीच बुजलेली असते आणि तो आपला तिथूनच पाठवत राहतो." मी कप तोंडाला लावला. कपात काही नव्हतं.

त्या गुरुवारी दुपारी चार वाजता तिची मोठी बैठक होती. वर्षभर ती एकाच गोष्टीच्या मागे होती, की नेहमी मागचाच नंबर गळत असेल तर काही वेळाने त्याला पुढे घ्यावं, एवढंच. ऐकायला पोरखेळ वाटतो, पण तिच्या ऑफिसातले जुनेजाणते म्हणत होते, कशाला, आहे ते बरं चाललंय. चारला ठरणार होतं. नाही म्हणाले की तिचं वर्ष कचऱ्यात. त्याआधी तिला दाखवायचं होतं, की जुन्या नियमात चार नंबर किती वेळा मरतो. गाडीत एक डबा, त्याला चार छोटे स्क्रीन, प्रत्येकावर एका वाटेने येणारं घड्याळ. वाट बुजली की सेकंदकाटा थांबतो. खबर गेली की नाही हे लॅपटॉपला कळतं, पण काटा थांबला हे डोळ्यालाच कळतं. ते बघणारा तिचा सोबती तापाने पडला. ती चपला घालता घालता थांबली आणि म्हणाली, "आई, तुम्ही येता? दोन तासांचं काम आहे. नजर ठेवायला तुमच्याइतकं पक्कं कोणी नाही." मुलगा म्हणाला, "आईला काय, बारा बायकांवर एकदम नजर ठेवायची सवय." "अकरा," मी म्हटलं आणि कोट चढवला. आता यात मी काय सांगणार होते? नाही येत, मला दिसत नाही? सहा वर्षांत तिने पहिल्यांदा माझ्याकडे काही मागितलं होतं, आणि मागितलं काय तर नजर.

गाडीत मी मागच्या सीटवर, चार स्क्रीनचा तो डबा एका ट्रेत माझ्या मांडीवर, पट्ट्यांनी बांधलेला. उजवीकडून डावीकडे एक, दोन, तीन, चार. चार अगदी डावीकडे, दाराजवळ. "थांबला की नंबर सांगायचा, सुरू झाला की सांगायचं, बाकी काही बोलायचं नाही," तिने बजावलं. माझंच वाक्य. अकरा वाजून पाच मिनिटांनी आम्ही निघालो. मोठ्या रस्त्यावर चारही काटे एका पावलाने चालत होते, शाळेच्या कवायतीसारखे. काचेच्या उंच इमारतींमध्ये शिरलो तसा तीन अडखळला. "तीन थांबला." "हं." "चालू." पहिली दहा मिनिटं मी मान उजवीकडून डावीकडे फिरवत होते, पाऽर डावीकडे, चौथ्याला सावलीच्या वर काढायला हनुवटी खाली घालून, एखादी कोंबडी दाणा बघते तशी. चार थांबला, चालू झाला, पुन्हा थांबला, मी सगळं सांगितलं. मग समोरच्या आरशात तिचे डोळे दिसले. "आई, मान आखडलीय का?" "मान माझी आहे. हवी तशी ठेवीन." "नाही, तुम्ही सारख्या..." "तू रस्ता बघ. रस्ता बघायचे पैसे देतात तुला." तिने रस्ता बघितला. पण दर वळणावर आरशात ते डोळे यायचे, आणि मी मान फिरवणं बंद केलं. सरळ बसले, बायांनी फोटोत बसावं तशी. एक दिसत होता, दोन दिसत होता, तीनची अर्धी तबकडी. चार शेवटचा बघितला तेव्हा चालू होता. "चार?" तिने विचारलं. "चालू," मी म्हटलं. मघाशी होता, म्हणजे असणार. चार कशाला थांबतोय. चार नेहमीच गुणी असतो.

मग पुलाखालचा लांब रस्ता आला. खांब येत होते आणि जात होते, उजेड, अंधार, उजेड, अंधार, आणि प्रत्येक अंधारात सावली थोडी वर सरकल्यासारखी वाटायची, आणि उजेडात मी तिला पुन्हा जागेवर बसवायची. "चार?" "चालू." कारखान्यातल्या रांगेत शेवटचा नंबर नवऱ्याचा असायचा. मालकीण मी होते आणि तो गाडी चालवायचा, गाठोडी पोचवायचा; अकरा बायकांच्या मागे, बारावा, टोपी हातात धरून उभा. कुणी हसलं तर तोही हसायचा. त्याला पुढे घ्यावं असं मला कधी वाटलं नाही, कारण त्याच्या खबरीत कधी काही नसायचंच. गाडी ठीक. रस्ता ठीक. मी ठीक. कप संपायच्या आत त्याचा नंबर लागला तर तो एवढंच सांगायचा आणि मी मान हलवायची. आणि त्या आठवड्यात, एका हॉटेलाच्या तीनशे चादरींवर गंजाचे डाग पडले होते त्या आठवड्यात, तीन दिवस त्याचा नंबर लागलाच नाही. तीन दिवस कप बाराव्याच्या आधी संपला. पहिल्या दिवशी तो उजव्या हाताने डाव्या खांद्याचं हाड चोळत उभा होता. मी बघितलं. मला तेव्हा दिसत होतं, चांगलं दिसत होतं. दुसऱ्या दिवशी त्याने तोंड उघडलं, "ऐक ना," म्हणाला, आणि मी रिकामा कप उलटा करून दाखवला. सगळ्या बायका हसल्या. तोही हसला. तिसऱ्या दिवशी तो रांगेतून आपणच बाजूला झाला. चौथ्या दिवशी हॉटेलाच्या मागच्या जिन्यात धुतलेल्या चादरींच्या गाठोड्यावर बसलेला सापडला. चादरी डागाविना होत्या. बटणं लावणारी बाई, जिला आम्ही बटणवाली म्हणायचो, तिने मला दहाव्या की बाराव्या दिवशी सांगितलं, "मालकीणबाई, त्यांचा हात तीन दिवस दुखत होता, जबड्यापर्यंत. म्हणाले, हिला सांगतो जमेल तसं." मी तिला म्हटलं, "तू का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "माझा नंबर नववा." लोकांना मी आजवर सांगत आले, मुलालासुद्धा, की तो एक अक्षर बोलला नाही, माणूसच तसा मुका. सगळ्यांना पटलं. माझं म्हणणं सगळ्यांना पटतं. कारखाना तो एक दिवस बंद होता आणि दुसऱ्या दिवशी सहाला मी कप भरला.

"चार?" "चालू म्हटलं ना." माझा आवाज जरा चढला. पूल संपला, तिने गाडी एका गोदामाच्या भिंतीलगत उभी केली आणि लॅपटॉप मांडीवर घेतला. भिंतीवर पाण्याचा पाइप होता, त्याच्या सांध्यातून थेंब पडत होता. मी थेंब मोजत बसले. ती एकदा वर जायची, एकदा खाली, ओळींवर बोट ठेवून. "आई, पुलाखाली चार एकदाही थांबला नाही?" "नाही." "नक्की?" "मी काय खोटं सांगते?" तिने ओळी पुन्हा एकदा खालपर्यंत वाचल्या. मग स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "अकरा मिनिटं त्याची एकही खबर गेलेली नाही. एकही. सगळ्या वेळा गळली. आणि तरी काटा चालू. म्हणजे खबर गेली नाही तरी काही बिघडत नाही." तिने दोन्ही तळहात तोंडावरून फिरवले, कपाळापासून हनुवटीपर्यंत, जोरात. "म्हणजे ते म्हणतात तेच खरं. म्हणजे वर्षभर मीच..." पुढचं तिने गिळलं. नंतर ती मागे वळून मला हसली, आणि ते हसणं माझ्या ओळखीचं होतं, रिकामा कप दाखवल्यावरचं. "जाऊ दे आई. बरं झालं आजच कळलं. मी मागे घेते. चारला जाऊन तोंडघशी पडण्यापेक्षा आताच कळवते." आणि ती लिहायला लागली. तिने माझ्यावर विश्वास ठेवला होता. अठरा शिकलेली माणसं एका बाजूला, तिचं वर्ष एका बाजूला, लॅपटॉपच्या ओळी ओरडून सांगतायत, आणि ती माझ्या एका 'चालू'वर टेबलाच्या पायाखाली पुठ्ठा सारत होती.

मी मान फिरवली. पाऽर डावीकडे, हनुवटी खाली, कुणी बघो न बघो. एक, दोन, तीनवर अकरा एकेचाळीस. चारवर अकरा तीस. सेकंदकाटा बाराच्या जरा अलीकडे उभा, एक पाय उचलून थांबलेल्या माणसासारखा. अकरा मिनिटं तो तसाच उभा होता, माझ्या मांडीवर, माझ्या हाताच्या अंतरावर. "लिहू नकोस," मी म्हटलं. तिची बोटं चालूच होती. "ए, लिहू नकोस म्हणते ना! चार थांबलाय." "आत्ता?" "आत्ता नाही. साडेअकरापासून." तिने लॅपटॉप बाजूला ठेवला, पट्टा सोडला, दोन सीटच्या मधून अर्धी मागे आली आणि चौथ्या स्क्रीनकडे बघितलं, मग माझ्याकडे. "पण तुम्ही तर चालू म्हणत होता." "म्हणत होते." "का?" मी थेंबांकडे बघितलं. थेंब दिसत होते, जमीन दिसत नव्हती. ते वरून सुटायचे आणि कुठेच पडायचे नाहीत. मी म्हणणार होते, उजेड फार होता. मी म्हणणार होते, तुझा डबाच भिकार आहे, ट्रे कलतो. शब्द तयार होते, जन्मभर तयार असतात. तेवढ्यात तिने तिचा हात माझ्या चेहऱ्याच्या डाव्या बाजूला खालून वर आणला, हळू, आणि मला तो गालाला लागेपर्यंत कळला नाही. मी दचकले. तिने हात तिथेच ठेवला. गार होता.

"आई," ती म्हणाली, "मी विचारतेय."

बाहेरच्या माणसाला यात काही वाटणार नाही. पण साखरेच्या खड्यांच्या त्या संध्याकाळी तिने आणखी एक सांगितलं होतं. मुलाने विचारलं होतं, की समज चार नंबरचं फारच अडलं तर? ती म्हणाली होती, "एक सोय आहे. टॉवरने स्वतः हाक मारून विचारलं, की बाबा तुझं काय, तर ते उत्तर सगळ्यांच्या आधी जातं. मग नंबर कितीही मागचा असू दे. बाकीचे सगळे थांबतात." मी तेव्हा म्हटलं होतं, "टॉवरला दुसरे उद्योग नाहीत का, एकेकाला विचारत बसायला?" आणि विषय संपवला होता. तीस वर्षांत, रांगेच्या टोकाला उभ्या असलेल्या त्या टोपीवाल्याला, तुझं काय, असं मी एकदाही विचारलं नव्हतं. त्याने सांगायचं, मी ऐकायचं; जागा उरली तर. विचारायचं असतं हेच मला कुणी शिकवलं नाही, आणि मला शिकवायची कुणाची टाप होती.

"डावा डोळा," मी म्हटलं. "सोमवारी विजा. कालपासून सावली. आता चार नंबर गेला, तीन अर्धा आहे." ती रडली-बिडली नाही, रडली असती तर मी तिला दोन शब्द सुनावले असते. तिने ट्रेच्या पट्ट्या सोडल्या, डबा पुढच्या सीटवर उलटासुलटा टाकला आणि गाडी वळवली. "कुठे चाललीस? तुझी चारची बैठक आहे." "तिचा नंबर आता मागे गेला." "वर्षभराचं काम..." "आई, आता काही बोलायचं नाही. वर सरकली तर तेवढं सांगायचं." माझ्याशी असं कुणी बोललेलं मला आठवत नाही.  एका सिग्नलला गाडी थांबली तेव्हा मी तिच्या मानेकडे बघून म्हटलं, "तो बोलला होता. तुझा सासरा. 'ऐक ना' म्हणाला होता. मी कप उलटा केला." तिने आरशात बघितलं नाही. दिवा हिरवा झाला, मागच्या गाडीवाल्याने भोंगा वाजवला, तरी ती क्षणभर तशीच थांबली, आणि मग तिने गाडी सोडली.

डोळ्यांच्या इस्पितळात एका पोरसवदा डॉक्टरणीने डोळ्यात थेंब घातले, पापणी उलटी केली, दिवा मेंदूपर्यंत घातला. "पडदा सुटतोय," ती म्हणाली, "पण मधला भाग अजून चिकटून आहे. तासाभरात आत घेऊ. उद्यावर टाकलं असतंत तर मी काही सांगू शकले नसते." "आणि आता काय सांगतेस?" "आता जे सांगतेय ते जपूनच सांगतेय," ती म्हणाली, "नजर बरीच वाचेल, पूर्वीसारखी होईलच असं नाही." पोरगी तोंडाची धीट होती. मला आवडली. मला उताणं झोपवलं आणि हलू नका म्हणाले. सूनबाई शेजारी स्टुलावर लॅपटॉप घेऊन बसली होती. चारला तासभर होता. "पाठव," मी म्हटलं. "काय पाठवू? अकरा मिनिटांची नोंद चुकीची आहे." "मग तसं लिही. लिही, चार नंबर अकरा मिनिटं मेलेला होता आणि बघणारी बाई तो चालू आहे असं सांगत होती, कारण आधी चालू होता. लिही, चूक बाईची." "आई, असं नाही लिहीत." "का नाही? हेच तर तू वर्षभर सांगतेयस ना त्यांना?" लॅपटॉपच्या बटणांचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला, बराच वेळ चालला. मुलाला फोन झाला होता, तो निघाला होता, कुणाची तरी कवळी अर्धी टाकून.

थेंबांनी सगळं पांढरं झालं. छत गेलं, खिडकी गेली, सूनबाई म्हणजे एक तपकिरी डाग उरली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या हातात कप नव्हता. हाताला काय करावं सुचेना. तो मी पांघरुणाखाली घातला, बाहेर काढला. बाहेरच्या बोळात चाकांची खाट येत होती, एक चाक कुरकुरत होतं. मी त्या डागाकडे तोंड केलं. "तुझं काय?" मी म्हटलं. "काय माझं काय?" "सहा वर्षं तू सगळ्यात शेवटी. कप संपायच्या आत तुझा नंबर किती वेळा लागला मला माहीत आहे. काय राहिलंय सांगायचं? मी विचारतेय." डाग हलला नाही. खाट जवळ आली, कुणीतरी माझं कपाळ पुसलं, कुणीतरी म्हणालं चला. मला वाटलं ती आता म्हणेल काही नाही, मी ठीक आहे. 

"माझं कपाट," ती म्हणाली.

"काय?"

"तुम्ही रोज माझं कपाट लावता. मी कामावर गेले की. मला नाही आवडत. माझे कपडे मला सापडत नाहीत. सहा वर्षं झाली."

माझ्या जिभेवर दहा उत्तरं आली, एकाहून एक सरस. त्या कपाटाची दशा मी बघितलेली आहे. खाट हलायला लागली आणि ती खाटेची कड धरून बरोबर चालत होती, दारापर्यंत, जिथे तिला थांबवणार होते तिथपर्यंत. मी दहाही उत्तरं गिळली.

"बरं," मी म्हटलं. "आणखी?"